गप्पीदासाचे वर्षघड्याळ

दसरा होतो, परतीचा पाऊस थांबतो आणि पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांचा रंग पालटू लागतो. कुसळी आणि मारवेल पिवळे पडते. मेंढरांचे कळप घेऊन कोकणाकडे उतरण्याची तयारी धनगरांच्या वाड्यांवर सुरू होते. याच दिवसांत सुप्याच्या किंवा नान्नजच्या माळावर एखाद्या सकाळी तरवडाच्या सर्वांत उंच काडीवर एक छोटा पक्षी बसलेला दिसतो. आकाराने चिमणीपेक्षा थोडा लहान, छातीवर नारिंगी झाक, मानेच्या बाजूला पांढरा डाग. तो शेपटी झटकतो, पंख किंचित उघडून मिटतो, जमिनीवर झेप घेतो, चोचीत किडा धरतो आणि पुन्हा काडीवर येतो. मधूनच दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज काढतो, ‘चक्, चक्’. आदल्या आठवड्यात तो तिथे नव्हता.

हा सायबेरियन गप्पीदास. वजन साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर. पश्चिम सायबेरिया, कझाकस्तान, मंगोलियापासून हिमालयापर्यंतच्या गवताळ आणि झुडपी प्रदेशांत त्याची वीण होते. हिमालयात वाढलेल्यांना फार दूर जावे लागत नाही. उत्तर कझाकस्तानच्या माळांपासून पुण्यापर्यंतचे अंतर मात्र सरळ रेषेत मोजले तरी साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक भरते. तिथल्या पिल्लाने हा प्रवास आधी कधी केलेला नसतो. तरीही जन्मानंतर काही महिन्यांतच ते दक्षिणेच्या वाटेला लागते. निघायची वेळ झाली, हे त्याला कसे कळते? या प्रश्नाच्या उत्तरात गप्पीदासाच्या जातभाईंचा वाटा मोठा आहे.

माशीमारांचा माळकरी भाऊबंद

पूर्वी गप्पीदासाची गणना कस्तूर पक्ष्यांच्या कुळात होत असे. डीएनएच्या अभ्यासानंतर त्याला माशीमारांच्या कुळात हलवण्यात आले. आपल्या अंगणातला दयाळ आणि बांधावरचा चीरक हेही याच कुळातले. बरेचसे माशीमार झाडांच्या सावलीत राहतात आणि फांदीवरून झेपावून हवेतल्या माश्या टिपतात. गप्पीदासाने तीच युक्ती उघड्या माळावर आणली. फांदीच्या जागी त्याला गवताची ताठ काडी, काटेरी झुडूप किंवा कुंपणाची तार चालते. तो उडते कीटकही पकडतो, पण त्याची बहुतेक शिकार जमिनीवरची असते. भुंगेरे, मुंग्या, अळ्या, लहान नाकतोडे हे त्याचे जेवण.

म्हणून त्याला माळच लागतो. जमीन दिसेल इतके विरळ गवत, बसायला उंच काड्या आणि ससाणा आला तर लपायला एखादे बोरीचे झुडूप. दाट झाडी झाली की खालचा किडा दिसत नाही. जमीन अगदी नागवी झाली तर किडाच उरत नाही.

याच माळावर बारा महिने राहणारा त्याचा एक भाऊ आहे, कवड्या गप्पीदास. नर काळाभोर, पंखावर आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा. तो इथेच घरटे करतो, इथेच पिल्ले वाढवतो. हिवाळ्यात हे दोघे शेजारी शेजारी शिकार करताना दिसतात. एक घरचा, एक पाहुणा. दोघांचे अन्न जवळपास सारखेच, पण वर्षाचे वेळापत्रक पूर्ण वेगळे.

झिजून उजळणारा वेश

ऑक्टोबरमध्ये आलेला नर नीट पाहिला तर जरा मळकट वाटतो. डोके काळे असायला हवे, ते तपकिरी दिसते. छातीचा नारिंगी रंगही फिका असतो. मार्चमध्ये मात्र त्याच काडीवर काळ्या कुळकुळीत डोक्याचा, शुभ्र गळपट्टीचा, गडद छातीचा देखणा नर बसलेला असतो. मधल्या काळात त्याने नवी पिसे धारण केलेली नसतात. उत्तरेकडे वीण संपली की तो जुनी पिसे टाकून नवी घेतो. या नव्या पिसांच्या कडा फिकट तपकिरी असतात आणि खालचा काळा रंग त्या कडांखाली झाकलेला असतो. हिवाळाभर गवतात, वाऱ्यात, उन्हात त्या कडा झिजत जातात आणि खालचा रंग उघडा पडतो. सोन्याच्या दागिन्यावरचा मळ निघावा तसा वसंतातला वेश आपोआप वर येतो.

यात शरीराचा हिशेब आहे. पिसे बदलणे हे महागडे काम. प्रथिने लागतात, उष्णता राखायला जादा ऊर्जा लागते आणि पिसे अपुरी असताना उडणेही अवघड होते. लांब पल्ल्याच्या पक्ष्याला हे काम वीण आणि प्रवास यांच्या मधल्या थोड्या आठवड्यांत उरकावे लागते. वेळ चुकली तर अर्धवट पंखांनी वाळवंट ओलांडावे लागेल. म्हणजे पक्ष्याला नुसते ऋतू ओळखून भागत नाही. पुढे काय येणार आहे हे आधीच ठाऊक असावे लागते.

अँडेक्सचे पिंजरे

जर्मनीत म्युनिकच्या नैऋत्येला अँडेक्स नावाचे गाव आहे. शरीरातल्या घड्याळांच्या अभ्यासात या गावाचे नाव वारंवार येते. १९६० च्या दशकात युर्गेन आशॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जमिनीखाली खोल्या बांधल्या. बाहेरचा प्रकाश नाही, आवाज नाही, घड्याळ नाही अशा खोल्यांत स्वयंसेवक कित्येक दिवस राहिले. दिवस-रात्र कळत नसतानाही त्यांची झोप, जाग आणि शरीराचे तापमान एका लयीत चालू राहिले. ती लय चोवीस तासांपेक्षा थोडी मोठी निघाली. माणसाच्या आत रोजचे घड्याळ आहे, याचा तो ठळक पुरावा होता. रात्रपाळी करणाऱ्यांच्या तब्येतीचा आज जो विचार होतो, त्याची एक मुळी तिथे आहे.

त्याच परिसरात एबरहार्ड ग्विनर यांनी पुढचा प्रश्न विचारला. रोजचे घड्याळ असते, तसे वर्षाचेही असते का? त्यासाठी त्यांनी जे पक्षी वापरले, त्यांत गप्पीदास महत्त्वाचे ठरले. कारण हा पक्षी आणि त्याचे अगदी जवळचे जातभाई वेगवेगळ्या अक्षांशांवर राहतात. केनियातले गप्पीदास विषुववृत्ताजवळ राहतात आणि कुठेही जात नाहीत. युरोपातले काही थोडे अंतर जातात, काही जात नाहीत. कझाकस्तानातले सायबेरियन गप्पीदास लांबचा पल्ला गाठतात.

केनियातून आणलेले काही गप्पीदास अशा खोल्यांत ठेवले गेले, जिथे दिवसाची लांबी वर्षानुवर्षे सारखीच होती, सव्वाबारा तासांच्या आसपास. तापमान सारखे, अन्न भरपूर. ना पाऊस, ना थंडी, ना दिवस लहान-मोठा होणे. तरी या पक्ष्यांची पिसे ठरावीक काळाने बदलत राहिली. त्यांची प्रजननेंद्रिये ठरावीक काळाने वाढली आणि आकसली. ही लय एक-दोन वर्षांत विरली नाही, दीर्घकाळ चालू राहिली. बाहेरून सुधारणा न मिळाल्यामुळे तिचे ‘वर्ष’ बारा महिन्यांपेक्षा लहान झाले आणि हळूहळू खऱ्या कॅलेंडरच्या पुढे पुढे सरकत गेले. थोडे पुढे पळणारे भिंतीवरचे घड्याळ रोज जुळवले नाही तर काय होते, तसेच हे.

२००४ मध्ये ग्विनर यांचे निधन झाले. त्यांच्या सहकारी बार्बरा हेल्म यांच्याबरोबरचे एक संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने अनेकांना चकित केले. स्थलांतर करणारा पक्षी पिंजऱ्यात असला, तरी प्रवासाच्या हंगामात रात्री झोपत नाही. उड्या मारतो, पंख फडफडवतो. केनियातले गप्पीदास तर पिढ्यान् पिढ्या घरीच राहणारे. तरीही त्यांच्या पिंजऱ्यांत ठरावीक काळात रात्रीची ही तगमग नोंदली गेली. प्रवास नव्हता, पण प्रवासाचे वेळापत्रक शरीरात शिल्लक होते.

हे वेळापत्रक वारशाने येते. अँडेक्समध्ये एकाच छताखाली, एकाच अन्नावर वाढलेली पिल्लेही आपापल्या मूळ प्रदेशाच्या वेळेनुसार वागली. युरोपी आणि आफ्रिकी गप्पीदासांच्या संकरातून झालेली पिल्ले दोघांच्या मधल्या वळणावर गेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका तुलनेत केनियातल्या गप्पीदासांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्चही उत्तरेकडच्यांपेक्षा कमी आढळला. उष्ण कटिबंधातल्या संथ आयुष्याचा वेग त्यांच्या पेशींतच बांधलेला होता.

कवटीतून दिसणारा उजेड

आतले घड्याळ थोडे चुकते, म्हणून ते रोज जुळवावे लागते. हे काम दिवसाची लांबी करते. १९२० च्या दशकात कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत छोटे जंको पक्षी ठेवले आणि विजेच्या दिव्याने त्यांचा दिवस रोज काही मिनिटांनी वाढवला. बाहेर बर्फ होते, तरी या पक्ष्यांची वृषणे वसंत आल्यासारखी वाढली. थंडी दुय्यम ठरली, उजेड निर्णायक.

त्यानंतरच्या दशकात फ्रान्समध्ये जाक बनवा यांनी बदकांवर प्रयोग केले, तेव्हा आणखी नवल कळले. हा उजेड ओळखायला पक्ष्याला डोळ्यांची गरज नसते. पातळ कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशी थेट ओळखतात.

पुढची कडी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या घरांना ओळखीची वाटेल. जपानमध्ये नागोया येथे ताकाशी योशिमुरा यांच्या गटाने लावे पक्ष्यांत दाखवून दिले, की दिवस मोठा झाला की पियुषिका ग्रंथीच्या एका भागातून टीएसएच हे संप्रेरक स्रवते आणि मेंदूतच काम करते. त्यामुळे तिथे टी-४ चे अधिक जोरकस टी-३ मध्ये रूपांतर होते आणि प्रजननाची साखळी सुरू होते. आपल्या तपासणीच्या अहवालात जी तीन नावे छापलेली असतात, तीच पक्ष्याच्या मेंदूत वसंताची वर्दी देतात.

इथे गप्पीदासाच्या आतल्या घड्याळाचे महत्त्व कळते. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. उत्तर कझाकस्तानात हाच फरक जवळपास नऊ तासांचा होतो. इकडच्या माळावर बसलेल्या पक्ष्याला उजेडाची खूण फार पुसट मिळते, आणि तिकडचे बर्फ वितळले की नाही याची तर काहीच खबर नसते. तरी मार्चअखेरीस तो निघायच्या तयारीला लागतो. पुसट खुणेला आतल्या वर्षघड्याळाची जोड असल्यामुळेच हे जमते.

मोडायचे आणि पुन्हा बांधायचे

हे घड्याळ वेळ दाखवून थांबत नाही, ते शरीरच बदलते. प्रवासापूर्वी छोटे पक्षी हावरटासारखे खातात आणि त्वचेखाली चरबी साठवतात. काही जातींत वजन निम्म्याने वाढते, काहींत त्याहूनही जास्त. माणसाचे वजन काही आठवड्यांत असे वाढले तर रक्तातली साखर, रक्तदाब, यकृत, सगळ्यांचीच काळजी करावी लागेल. पक्ष्यांच्या रक्तातली साखर एरवीही माणसाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असते आणि ती त्यांना बाधत नाही. साठवलेली चरबी रात्रीच्या उड्डाणांत जळून जाते. वीण जवळ आली की नराची वृषणे कित्येक पटींनी वाढतात आणि ती संपली की पुन्हा दाण्याएवढी होतात. उडणाऱ्याला बिनकामाचे ओझे परवडत नाही.

उत्तरेला पोहोचल्यावर वेळ फार थोडा असतो. मादी जमिनीलगत, गवताच्या आडोशाला वाटीसारखे घरटे करते. पाच-सहा अंडी घालते आणि दोन आठवडे एकटीच उबवते. पिल्ले बाहेर आली की मात्र नरही चारा आणतो. आणखी दोन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात. सौम्य हवेत राहणारे युरोपी गप्पीदास एका हंगामात दोन-तीनदा वीण करतात. कझाकस्तानातल्यांना सहसा एकदाच करता येते. त्यांच्या पिल्लांना पिसे बदलण्याचे कामही कमी वयात सुरू करावे लागते, कारण ऑगस्ट सरता सरता निघायचे असते.

घड्याळ बरोबर, जग पुढे

हजारो वर्षे हे गणित जुळत आले. आता दोन ठिकाणी ते अडते आहे.

पहिली अडचण हवामानाची. गप्पीदासाचा कुळबंधू असलेला युरोपातला कवड्या रंगाचा माशीमार पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढून नेदरलँड्सच्या जंगलांत विणीला येतो. तिथला वसंत लवकर येऊ लागला, झाडांवरच्या अळ्यांचा हंगामही पुढे सरकला. पक्षी मात्र आपल्या वेळेनेच पोहोचत राहिला. क्रिस्टियान बोथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की जिथे अळ्यांचा हंगाम सर्वांत लवकर उरकत होता, तिथे या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती. पक्षी आळशी नव्हता. त्याला आफ्रिकेत बसून नेदरलँड्सची खबर मिळत नव्हती, एवढेच.

दुसरी अडचण रात्रीच्या उजेडाची. जर्मनीत काळ्या कस्तूर पक्ष्यांना रात्री केवळ ०.३ लक्स इतका मंद प्रकाश दिला गेला. हा उजेड रस्त्यावरच्या दिव्याखालच्या प्रकाशाच्या मानाने अगदीच क्षीण. तरी त्यांची प्रजननसंस्था जवळजवळ महिनाभर आधी तयार झाली आणि पिसेही लवकर बदलू लागली. माळाच्या कडेला प्लॉटिंग होते, मग हायमास्ट दिवा लागतो. आपल्याला ती सोय वाटते. ज्या मेंदूला कवटीतूनही उजेड कळतो, त्याच्यासाठी ती कॅलेंडरात केलेली खाडाखोड असू शकते. माणसाच्या झोपेला रात्रीचा उजेड कसा भोवतो, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. बाहेर बसलेल्यांना तर पडदाही ओढता येत नाही.

माळाची नोंद

या दोन्हींपेक्षा साधी आणि तातडीची अडचण मात्र आपल्या पायाखाली आहे. ज्या जागेसाठी हा पक्षी हजारो किलोमीटर येतो, ती आपल्या कागदपत्रांत बहुतेक वेळा ‘पडीक’ असते. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळ आणि गवताळ जमिनींचे मोठे पट्टे याच शीर्षकाखाली येतात. पडीक म्हटले की ती कामाला लावणे ओघानेच येते. कुठे मुरूम काढला जातो, कुठे प्लॉट पडतात, कुठे चर खणून रोपे लावली जातात. वृक्षारोपणाला विरोध करणे कोणालाच आवडत नाही. पण गवताळ माळ म्हणजे मेलेले जंगल नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीत गवत आणि विरळ काटेरी झुडपे हीच तिथली पूर्ण वाढलेली वनसंपदा आहे. चिंकारा, लांडगा, माळढोक, चंडोल आणि गप्पीदास तिच्यावर जगतात. धनगरांच्या मेंढ्याही तिच्यावरच जगतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्या नावाने जाहीर केले, ते याच दुर्लक्षित जमिनींकडे लक्ष वेधण्यासाठी.

दाट लावलेली झाडे वाढली, तर माळ हिरवा दिसेल आणि छायाचित्रही चांगले येईल. सावलीत कुसळी मागे हटेल, उघडी जमीन झाकली जाईल आणि काडीवरून किडा हेरणाऱ्या पक्ष्याचा धंदा बसेल. झाडे गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावावीत. माळाला गवतच राहू द्यावे, चराईला थोडी विश्रांती द्यावी आणि वणवा टाळावा. त्याला एवढी देखभाल पुरते.

एप्रिल सुरू झाला की माळावरच्या काड्या एकेक करून रिकाम्या होऊ लागतात. एखाद्या रात्री गप्पीदास उठतो आणि उत्तरेकडे निघतो. सकाळी तिथे कवड्या गप्पीदास एकटाच बसलेला असतो, घरट्याच्या गडबडीत. पाहुणा पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यायचा. यायची वेळ त्याचे घड्याळ अचूक सांगेल. या सहा महिन्यांत माळ जागेवर राहिला की त्यावर प्लॉटचे दगड रोवले गेले, हे मात्र त्या घड्याळात कुठेच दिसत नाही.